वारा सुटला का?

जिल्ह्याच्या कचेरीतून दर वर्षी एक छापील तक्ता येतो. १९४६ साली आला त्याच्यावर 'आतडे अडल्याचे रुग्ण' असं लिहिलेलं होतं आणि खाली चार रकाने होते: नाव, कारण, शस्त्रक्रिया, परिणाम. परिणामाचा रकाना सगळ्यात अरुंद, जेमतेम इंचभर. त्यात 'बरा' किंवा 'मृत्यू' यांपैकी एकच शब्द मावतो आणि सरकारला तेवढाच पुरतो. मी तक्ता भरला, सही केली, शिक्का मारला आणि टपालात टाकला. त्यात जे मावलं नाही ते इथे लिहितो आहे.

मी डॉक्टर विनायक सहस्रबुद्धे, मूळचा पुण्याच्या शनिवार पेठेतला. आडनावात हजार बुद्धी आहेत. त्यांतली एकही वेळेवर कामाला आली नाही, हे पुढे कळेलच. लढाई संपली त्या वर्षी मी वडूजजवळच्या एका धर्मार्थ दवाखान्यावर रुजू झालो. कुणा व्यापाऱ्यानं आईच्या स्मरणार्थ तो बांधला होता. बारा खाटा, ऑपरेशनचं एक टेबल, एक पेट्रोमॅक्स, क्लोरोफॉर्मच्या काही बाटल्या, आणि हत्यारं उकळायला स्टोव्ह, त्याला रेशनचं रॉकेल. एक्स-रे काढायचा तर मिरज गाठायची. तिकडे जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावायची. आतडं अडलेल्या माणसाला ते जमत नसे, म्हणून त्याचं पोट मीच उघडायचो. पडवीचा एक पत्रा माघातल्या वाऱ्यानं उडून समोरच्या बाभळीत जाऊन बसला होता. त्याबद्दल मी विश्वस्तांना चार पत्रं लिहिली. प्रश्न विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. पत्राही तोवर बाभळीतच विचार करत होता.

माझ्या हाताखाली दोन माणसं. लालासाहेब कंपाउंडर, लढाईत बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात नोकरी करून आलेला; क्लोरोफॉर्मचे थेंब टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी तो बाहेरच्या रोग्यांना औषधाच्या बाटल्या भरून देत बसे आणि मी वॉर्डात फेरी मारी. फेरीला माझ्याबरोबर दगडाबाई. ती साठीची आया खाटा, भांडी आणि माणसं एकाच रागानं साफ करायची.

आतडं अडण्याची कारणं पुस्तकात दिली आहेत: अंतर्गळ, पीळ, जंतांचा गोळा वगैरे. आमच्याकडे त्या सगळ्यांच्या आधी उपचार होऊन जात. पोट फुगून वांत्या सुरू झाल्या की पहिल्या दिवशी एरंडेल. वाट बंद असताना वरून जुलाब द्यायचा, म्हणजे बंद दारावर मागून गर्दी लोटायची. दुसऱ्या दिवशी बेंबी सरकली म्हणून पोट चोळणारी बाई. तिसऱ्या दिवशी तापल्या विळ्याचे डाग. चौथ्या दिवशी बैलगाडी आणि पाचव्या दिवशी मी. मग रोगी दगावला की लोक म्हणत, डॉक्टरकडे नेला आणि गेला. ते अगदी खरंही असे. या विषयावर माझं एक भाषण तयार होतं, ते मी प्रत्येक नातेवाइकाला ऐकवी. भाषण फार छान होतं. त्यात 'अज्ञान' हा शब्द पाच वेळा यायचा.

माघात माणच्या बाजूचा एक मेंढपाळ, बिराप्पा, आपल्या बायकोला घेऊन आला. धोंडुबाई तिचं नाव. तिच्या जांघेत दोन वर्षं गाठ होती आणि ती तिनं कुणालाही दाखवली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही, कारण जागाच तशी. गाठ म्हणजे अंतर्गळ, हर्निया होता. त्यात आतडं अडकून काळं पडलं होतं. मी वीतभर आतडं कापून काढलं, टोकं एकमेकांना शिवली आणि वर सल्फाची पूड टाकली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट हाताला जरा ताठ लागलं, पण बिराप्पाकडून मला हवी ती खबर मिळाली, म्हणून मी पेज सुरू केली. संध्याकाळी पोट फुगलं. पाचव्या दिवशी ती गेली.

मी बिराप्पाला पडवीत उभं करून भाषण ऐकवलं. या वेळी त्यात नवीन भरही घातली. "एक शब्द बोलायची लाज! आणि त्या लाजेपायी जीव घालवता तुम्ही लोक," मी म्हणालो. तो घोंगडीचं टोक मुठीत धरून खाली मान घालून उभा होता. "चुकलंच जी आमचं," एवढंच म्हणाला. मी रजिस्टरात 'मृत्यू' लिहिलं आणि पुढे 'उशिरा दाखल' असं जोडलं. त्या दोन शब्दांवर मी रात्री शांत झोपत असे.

आता ती खबर म्हणजे काय, ते सांगतो. पोट उघडून आतड्यांना हात लावला की ती रुसतात. दोन-तीन दिवस हलत नाहीत. तोवर रोग्याला तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ती पुन्हा चालू झाल्याची खरी खूण एकच: रोग्याच्या खालून वारा सरतो. आमचे प्रोफेसर त्याला एक लॅटिन शब्द वापरत. तो इतका सोज्वळ होता की देवघरातही चालला असता. वडूजला लॅटिन चालेना. मराठीत त्याला दोन अक्षरांचा रोकडा शब्द आहे, तो पाळण्यातलं पोर सोडून सगळ्यांना कळतो. पण आमच्या घरात तो कधी कुणी उच्चारला नव्हता, आणि पदवीधर माणसानं बायाबापड्यांसमोर तो तोंडातून काढायचा म्हणजे फारच झालं! 'अपानवायू' म्हणावं तर कुणाला कळणार नाही. मी दोन दिवस विचार केला आणि एक सोपा, सभ्य, थोडासा काव्यमयही प्रश्न तयार केला: "वारा सुटला का?"

लोकांशी लोकांच्या भाषेत बोलतो, याचा मला मनातून फार अभिमान वाटे. पुण्याच्या मित्रांना मी तसं पत्रातून कळवलंही होतं.

फाल्गुनात ज्ञानू आला. पंचेचाळिशीचा शेतकरी, दोन कोसांवरच्या वाडीतला. शाळूची मळणी होऊन खळ्यात रास पडलेली आणि ती उपणून भूस उडवायला वाऱ्याची झुळूकही नाही, अशा वेळी त्याच्या मोठ्या आतड्याला पीळ पडला. त्याची बायको साळूबाई हिनं एरंडेल दिलं नाही, पोट चोळलं नाही, डागही दिला नाही. सरळ दुसऱ्या दिवशी गाडीत घालून आणला. माझं भाषण वाया गेलं. मी पोट उघडलं, पीळ सोडवला, आणि काळसर आतडं बघता बघता गुलाबी झालं. काही कापावं लागलं नाही. इतकं चांगलं ऑपरेशन मी त्याआधी केलं नव्हतं, आणि हे मी टेबलाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना, म्हणजे लालासाहेबाला, दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फेरीला मी विचारलं, "साळूबाई, वारा सुटला का?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. "न्हाई जी."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "न्हाई की वो. कवा सुटतोय कुनास ठावं."

चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जीव नुसता टांगनीला लागलाय जी. रातच्याला उटून उटून बघतीया." नवऱ्याच्या प्रकृतीवर इतकं बारीक लक्ष ठेवणारी बायको मी पाहिली नव्हती. तिचं मी तोंडभर कौतुक केलं. दगडाबाईनंही मान डोलावली.

ज्ञानूच्या पोटाला हात लावला की ते मऊ लागायचं. नळी कानाला लावली की आत गुडगुड ऐकू यायची. माझा हात सांगत होता की सगळं ठीक आहे. पण प्रोफेसर म्हणायचे, डॉक्टरचा हात फसतो, रोगी फसवत नाही. आणि धोंडुबाई गेल्यापासून मी धसका घेतला होता. खबर नाही, तर पाणी नाही. मांडीत सुया खुपसून मिठाचं पाणी देत होतो, तेवढ्यावर तो होता. जीभ वाळून लाकूड झाली, ओठ फुटले, डोळे खोल गेले. मला पाहिलं की तो एवढंच म्हणे, "सायब, येक घोट."

पाचव्या दिवशी मी ठरवलं की पीळ परत पडला आहे आणि पोट पुन्हा उघडायला हवं.

लालासाहेबानं नाडी बघितली आणि मला बाजूला घेतलं. "साब, नाडी सुतावानी लागतीया. येक टायम क्लोरोफॉर्म सोसला त्यानं. दुसऱ्या टायमाला टेबलावरनं उटनार न्हाई."

"आणि नाही उघडलं तर खाटेवरून उठणार नाही," मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं, म्हणून ते मला खरंही वाटलं.

कागदावर साळूबाईचा अंगठा घेतला. अंगठा उठवताना तिनं विचारलं, "वाचंल न्हवं?"

"बाई, वारा सुटत नाही तोवर दुसरा इलाज नाही."

मग ती पडवीत गेली आणि औंधच्या दिशेला तोंड करून तिनं पदर पसरला. "आई यमाई, वारं सोड गं. माझ्या धन्यासाटनं वारं सोड." मी आतून ऐकत होतो. एका अडाणी बाईला शस्त्रक्रियेतलं मर्म इतक्या लवकर समजावं, याचं मला मोठं आश्चर्य वाटलं.

सकाळचे नऊ झाले होते. हत्यारं उकळली. ज्ञानूला उचलून टेबलावर ठेवला, तेव्हा तो गवताच्या पेंढीएवढा हलका लागला. लालासाहेबानं त्याच्या नाकावर जाळी धरली आणि बाटली उचलली. मला राहवेना. मी वाकून शेवटचं विचारलं, "ज्ञानू, वारा सुटला का रे?"

ज्ञानूनं मोठ्या कष्टानं मान वळवली आणि खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं.

"न्हाई जी. पान सुदिक हालंना." मग घोगऱ्या आवाजात, अगदी अजिजीनं तो म्हणाला, "पर सायब, माजं प्वाट फाडल्यानं वारं कसं सुटंल वो?"

लालासाहेबाचा हात बाटलीसकट थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ज्ञानूकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. बाटली खाली ठेवली. सात वर्षं पलटणीत काढलेला माणूस, त्याला लॅटिन येत नव्हतं.

"आरं ज्ञानू," तो म्हणाला, "पादलास का रं?"

ज्ञानूच्या वाळलेल्या तोंडावर लाज पसरली. त्यानं डोळे मिटून घेतले.

"त्ये व्हय? त्ये तर परवाधरनं चाललंय की. त्या दगडाबाईनं दोनदा शिव्या घातल्या. सायबाम्होरं आसलं कसं बोलायचं, म्हनून गप ऱ्हायलो."

मी चाकू ठेवला. कुठे ठेवला ते मला आठवत नाही, संध्याकाळी तो माझ्या कोटाच्या खिशात सापडला. ज्ञानूला परत खाटेवर नेला. साळूबाईनं चमच्यानं त्याला पाणी पाजलं, मग पेज. तो गिळत होता आणि तिच्याकडे बघत होता, आणि ती रडत रडत त्याला रागावत होती, की सावकाश पी, कुनी पळवून न्हेत न्हाई. आठव्या दिवशी तो आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेला. तक्त्यात त्याच्यापुढे 'बरा' असं लिहिलं. इंचभर जागा पुरली.

चाकू ठेवला त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. लालासाहेब भिंतीला टेकून हसत होता. मीही हसत होतो, माझ्या स्वतःवर, मोठ्या मनानं. माणूस वाचला होता, तेव्हा ते परवडत होतं.

"दगडाबाई, तू तरी सांगायचंस," मी म्हणालो. "रोज माझ्या शेजारी उभी असतेस."

"म्या काय सांगनार?" ती म्हणाली. "मला वाटलं, सायबाचं कुटं खळं पडलंय. लोकंबी चांगलं म्हनत्यात वो तुमास्नी. बामनाचा डाक्तर, पर सुगीचं इचारतो, वाऱ्याचं इचारतो. त्यो बिराप्पासुदिक त्येच म्हनला."

"कोण बिराप्पा?"

"त्यो मेंढरंवाला. त्येची बायकू गेली बगा. त्यालाबी इचारलं न्हवं का तुमी, वारा सुटला का म्हनून?" दगडाबाई पदरानं डोळे पुसत होती, अजून हसण्याचेच. "त्या दिशी मातूर वारं हुतं. लय हुतं. त्यो म्हनला, सुटलाय जी, पहाटंपासनं लय सुटलाय. त्येच दिशी पडवीचा पत्रा उडाला न्हाई का?"

लालासाहेबाचं हसू आधी थांबलं, मग माझं. दगडाबाईला काय झालं ते कळेना. ती आम्हा दोघांकडे बघत राहिली आणि मग भांडी उचलून निघून गेली.

मी रजिस्टर काढलं. धोंडुबाईच्या नावापुढचे 'उशिरा दाखल' हे शब्द खोडले. त्यांच्या जागी काय लिहावं ते सुचेना. उशीर झाला होता हे खोटं नव्हतं. पण उशीर होऊनही तिसऱ्या दिवसापर्यंत तिनं तग धरला होता. आतडी अजून हलली नव्हती, पोट ताठ होतं, हाताला कळत होतं, आणि मी तिच्या तोंडात पेज घातली, कारण बाहेर वारा होता.

बिराप्पाची मेंढरं येरळेच्या काठी एका शेतात बसवली आहेत, असं कळलं. मी सायकलीवरून गेलो. मला पाहून तो गडबडीनं उठला, घोंगडी अंथरली, बसा म्हणाला, आणि स्वतः उभाच राहिला. मी परत भाषण करायला आलो आहे, असं त्याला वाटलं असावं.

"बिराप्पा," मी म्हणालो, "तुमची चूक नव्हती. ते सांगायला आलो."

त्यानं वाकून घोंगडीची दुमडलेली कड सरळ केली.

"मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं, वारा सुटला का."

"व्हय जी."

"मला ते विचारायचं नव्हतं." माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. समोर तीनशे मेंढरं आणि एक माणूस, दुसरं कुणी नव्हतं, तरी तो शब्द ओठांवर येईना. शेवटी म्हणालो, "मला विचारायचं होतं, धोंडुबाई पादली का."

बिराप्पाला हसू आलं नाही, आश्चर्यही वाटलं नाही. कुणी नीट विचारलं की माणूस नीट उत्तर देतो, तसं त्यानं आठवून उत्तर दिलं.

"न्हाई जी. पहाटंच म्हनली हुती मला. पोटात कोंडलंय, खालनं काय जात न्हाई, म्हनली. तुमी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

मी घोंगडीवर बसून राहिलो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यालाच माझी दया आली असावी. तो जवळ येऊन उकिडवा बसला. पण त्याच्या डोळ्यांत भीती होती. मी इतक्या लांब कशासाठी आलो, याचा त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला होता.

"म्या खोटं न्हाई बोललो जी," तो हात जोडून म्हणाला. "तुमी वाऱ्याचं इचारलं, म्या वाऱ्याचं सांगितलं. वारं खरंच सुटलं हुतं."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पत्रा उडाला होता."